सरांच्या जीपचे जिवंत पाटे

काही वर्षं मी एका जीपचा सुटा भाग होतो. पगार कॉलेजकडून मराठी शिकवण्याचा मिळत असे, पण रोज सकाळी अमरावतीहून अकोल्याला जाताना आणि संध्याकाळी परत येताना माझी खरी नेमणूक जीपच्या मागच्या बाकावर, डाव्या बाजूला होती. माझं काम वजनाने कमी असणं एवढंच होतं, आणि ते मी चोख केलं.

जीप सरांची. कॉलेजात सगळेच सर, पण नुसतं 'सर' म्हटलं की फिजिक्सचे विभागप्रमुख समजायचे, असा रिवाज होता. हा रिवाज त्यांनी स्वतःच पाडला होता. ते फोनवर सुद्धा "मी सर बोलून राहिलो" असंच सांगत. उंच, वाळके, शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टायरची हवा मोजायची नळी, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव, की आपण नुकतंच कोणाचं तरी चुकलेलं गणित तपासलं आहे. वर्गात ते शुद्ध बोलत. वर्गाबाहेर पडले की वऱ्हाडी सुरू होई, जीपमध्ये तर हमखास, कारण शुद्ध भाषेत जीपला समजावता येत नाही, असं त्यांचं मत होतं.

जीप त्यांच्या वडिलांची. वरूडकडे त्यांची संत्र्याची बाग होती आणि वडिलांनी आयुष्यभर त्या जीपमधून संत्र्याच्या पेट्या वाहिल्या. उजव्या बाजूला जादा चाक बांधलेलं असे, म्हणून पेट्या डावीकडे रचल्या जात. वर्षानुवर्षं असा भार घेऊन डावीकडचे पाटे बसले. पाटे म्हणजे चाकांवरच्या त्या लोखंडी पट्ट्यांच्या कमानी, ज्यांच्यावर गाडी तोललेली असते. उजवीकडच्या कमानी शाबूत होत्या, डावीकडच्या जवळजवळ सरळ झाल्या होत्या. त्यामुळे जीप उभी असली तरी डावीकडे कललेली दिसे आणि चालू लागली की डावीकडेच ओढत जाई.

दुसरा कोणीही असता तर त्याने पाटे बदलले असते. सरांनी माणसं बसवली.

"पाटे बदलाची गरज नाई," ते म्हणत. "डावीकडं कमी भार, उजवीकडं जास्त भार. गाडी सरळ. याच्यात काय चुकते सांगा." चुकतं काय ते सांगायला फिजिक्स यावं लागतं, आणि फिजिक्स येणारे कॉलेजात तेच.

माझी भरती त्यांच्या घराच्या व्हरांड्यात झाली. तिथे संत्र्याच्या पेट्या मोजायचा जुना काटा होता. मी नवीन होतो, रोजच्या अपडाउनला कोणी सोबत मिळेल का म्हणून विचारायला गेलो होतो. सरांनी बसा म्हणायच्या आधी काट्याकडे बोट केलं. मी चप्पल काढून उभा राहिलो. त्यांनी काटा पाहिला, माझ्या हातातली पिशवी बाजूला ठेवायला लावली, पुन्हा पाहिला आणि समाधानाने म्हणाले, "बरं हाय. तुमी डावीकडं. लग्न झालं का?" मी नाही म्हटलं. "झाल्यावर सांगा, काटा पुन्हा पाहावा लागंल."

समोर, सरांच्या डाव्या हाताला, केमिस्ट्रीच्या काळे मॅडम बसत. त्याही किरकोळ अंगाच्या. त्या रुजू झाल्या तेव्हा सरांनी भर स्टाफरूममध्ये त्यांना वजन विचारलं होतं. सगळे फायलींमध्ये डोकं घालून बसले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, तुमची गाडी डिझेलवर चालते का माझ्या वजनावर?" सर तितक्याच शांतपणे म्हणाले, "चालते डिझेलवर. सरळ चालते वजनावर." मॅडम तरीही बसू लागल्या, कारण सकाळची रेल्वे धरायला बडनेऱ्यापर्यंत जायचं म्हणजे पहाटे उठून घरच्यांचे डबे करणं आलं, आणि जीप त्यांच्या दारात येत असे. आपण सगळे अशाच कारणांनी कोणाच्या ना कोणाच्या जीपमध्ये बसतो.

आणि उजवीकडे, सरांच्या बरोबर मागे, गावंडे. गावंडे आमचे ग्रंथपाल. देह असा की लायब्ररीत दोन कपाटांमधून जाताना ते आडवे होऊन जात. स्वभाव लोण्याचा. कोणी पुस्तक हरवलं तर तेच ओशाळे होत. सरांनी त्यांना कधी काट्यावर उभं केलं नाही. पाहताक्षणी ओळखलं. "गावंडे म्हंजे माह्या गाडीचा उजवा पाटा," असं ते चारचौघांत सांगत, आणि गावंडे हसत. त्यांना वाटे आपलं कौतुक होतंय. खरं सांगायचं तर सरांच्या तोंडून दुसऱ्या कोणाचं एवढं कौतुक मी कधी ऐकलंही नाही.

आता स्टिअरिंगचं. सरांच्या हातातलं चक्र आणि पुढची चाकं यांचे संबंध फार जुने आणि फार सैल झाले होते. चक्र बरंच फिरलं की मग खाली चाकांना खबर लागे. त्यामुळे सरळ रस्त्यावर सुद्धा सर सारखे डावीकडे-उजवीकडे चक्र हलवत असत, पीठ मळावं तसे. नवा माणूस घाबरायचा. सर म्हणत, "स्टेरिंगले पकडाचं नसते. त्याले समजवाचं असते." समजूत काढता काढता आम्ही अकोल्याला पोचत असू.

रस्ता खराब होता तोवर हे सगळं खपून गेलं. बडनेऱ्यापासून पुढे खड्डेच इतके होते की सगळ्याच गाड्या नागमोडी जात. जीप झोकांड्या खाते ती रस्त्यामुळे, असं म्हणता येई. मग नवा रस्ता झाला. गुळगुळीत, रुंद, मधे दुभाजक. सगळं अकोला-अमरावती खूश. सर एकटे नाराज. "या रस्त्यात दम नाई," ते म्हणाले. खरी गोष्ट अशी की आता बाजूने जाणारी प्रत्येक गाडी सुतासारखी सरळ जायची आणि आमचीच तेवढी झुलत जायची. ट्रकवाले काच खाली करून आमच्याकडे पाहत. एकदा एका ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न वाजवून सरांना विचारलं, "काका, तब्येत बरी हाय ना?" सरांनी त्याला मान डोलावून उत्तर दिलं. प्रश्न गाडीबद्दल आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही, की आलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

चांगल्या रस्त्याने दुसराही एक उद्योग केला. वेग वाढला. आणि एका वेगाच्या वर गेलं, चाकाखाली एखादा सांधा किंवा दगड आला, की पुढची दोन्ही चाकं थरथरायला लागत. साधी थरथर नाही, सगळी जीप दात वाजवल्यासारखी वाजे, चक्र सरांच्या हातातून सुटू पाही, आरसा गळून मॅडमच्या मांडीवर पडे. या प्रसंगासाठी सरांची ठरलेली पद्धत होती. ते एकच शब्द म्हणत, "झुका." मग आम्ही तिघांनी उजवीकडे झुकायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. बोलण्याने बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. गावंडे झुकले की खरोखर काहीतरी फरक पडत असावा, किंवा तोवर सरांचा पाय घाबरून ॲक्सिलरेटरवरून निघत असावा. थरथर थांबे. सर आरशातून मागे पाहत, आरसा असला तर, आणि म्हणत, "पाह्यलं? कंट्रोल."

रविवार हा दुरुस्तीचा दिवस. कोण्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स जमिनीवर पसरायचा, त्या पुढाऱ्याच्या हसऱ्या चेहऱ्यावर पाठ टेकवून सर जीपखाली शिरायचे आणि ग्रीसगनने सापडेल त्या सांध्यात ग्रीस भरायचे. त्यांची ग्रीसवर जी श्रद्धा होती ती घरातल्या देवावर नव्हती. पाटे कुरकुरले, ग्रीस. चाक डगमगलं, ग्रीस. एकदा काळे मॅडम गुडघा दुखतो म्हणाल्या तेव्हा सरांनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर मॅडमनी जीपमध्ये दुखण्याचा विषय काढला नाही.

बडनेऱ्याला एक मिस्त्री होता. त्याच्याकडे सर वर्षातून एकदा जात, ते फक्त त्याचं ऐकून न घेण्यासाठी. मिस्त्रीही काही कमी नव्हता, कुठलीही गाडी आली की तो अर्धी गाडी नवीन टाकायला सांगे, म्हणून सरांच्या संशयाला थोडा आधारही होता. एका खेपेला मी सोबत होतो. मिस्त्रीने पुढचं चाक जॅकवर उचललं, वरून-खालून धरून हलवलं आणि चाकं धरणाऱ्या-वळवणाऱ्या भागांची यादी म्हणायला लागला, "किंगपिन गेली. टायरॉडचे एंड गेले. पाटे बसले. बुश तं दिसूनच नाई राहिले."

"मंग राह्यलं काय?" सर म्हणाले.

"तुमी राह्यले," मिस्त्री म्हणाला.

सरांनी त्याच्याकडून फक्त ग्रीस भरून घेतलं. परत येताना मला म्हणाले, "पाह्यलं? गाडीत खराबी असती तं चालली असती का इथपर्यंत?"

मिस्त्रीवर मात करायची म्हणून त्यांनी एका रविवारी स्वतःच स्टिअरिंगच्या डब्यावरचा स्क्रू पिळला. तो थोडा पिळला तर चक्राचा ढिलेपणा कमी होतो. सरांनी तो अंगातला सगळा राग काढून पिळला. सोमवारी सकाळी चक्र खरोखर घट्ट झालेलं होतं. सर खुशीत होते. "आता बोलवा त्या मिस्त्रीले," असं म्हणत त्यांनी अमरावतीतल्याच कॅम्पच्या रस्त्यावर जीप उजवीकडे वळवली. वळली. पण वळल्यावर चक्र जागेवर परत येईना. सर सगळ्या ताकदीने ओढताहेत, मॅडमनीही हात लावला, आणि जीप आपली शांतपणे वळत वळत एका उघड्या फाटकातून आत शिरली आणि तुळशीच्या कठड्यापाशी बंद पडली.

ते घर आमच्या निवृत्त प्राचार्यांचं होतं. सरांनी त्यांच्याशी कसल्याशा टाइमटेबलवरून बोलणं टाकलेलं होतं, तेही मी कॉलेजात येण्याच्या आधीपासून. प्राचार्य बनियनवर, पेपर हातात, व्हरांड्यात उभे. सर खाली उतरले, शर्ट नीट केला आणि म्हणाले, "येऊन राहिलो होतो, म्हटलं भेटून घ्यावं."

आम्ही चौघंही आत गेलो. चहा झाला, चिवडा झाला, प्राचार्यांचे डोळे भरून आले. "तुमी येसान असं वाटलं नव्हतं," ते म्हणाले. "मलेही नव्हतं," सर म्हणाले, आणि आयुष्यात क्वचित बोलले इतकं खरं बोलले. गावंडे बिचारे खाली मान घालून चिवडा खात होते, हसू दाबल्याने त्यांचं सगळं अंग हलत होतं. नंतर सरांनी ही भेट आपण ठरवून घडवून आणली असं सगळ्या कॉलेजला सांगितलं. स्क्रू त्यांनी त्याच दिवशी गुपचूप ढिला केला.

असा हा माणूस. मी हे सगळं घरी सांगून लोकांना हसवत असे, आणि ते हसू फुकटचं नव्हतं हे मला कळायला गावंड्यांचं दुखणं यावं लागलं.

गावंडे एकदा लायब्ररीत घेरी येऊन खाली बसले. डॉक्टरांनी तपासलं, साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला, हृदयाचं लक्षण बरं नाही. वजन उतरवा, नाहीतर कठीण आहे, असं स्पष्ट सांगितलं. गावंडे घाबरले. पहाटे फिरायला जाऊ लागले, भात सोडला, चहा बिनसाखरेचा केला. हळूहळू शर्ट ढिले व्हायला लागले. आम्हाला बरं वाटलं. जीपला वाटलं नाही.

सरांच्या ते सगळ्यांच्या आधी लक्षात आलं, कारण चक्र त्यांच्या हातात होतं. जीप पुन्हा डावीकडे ओढायला लागली. मूर्तिजापूरच्या आसपास त्यांनी आरशातून गावंड्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "गावंडे, तुमी काई लपवून राहिले का माह्यापासून?"

गावंड्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टर, साखर, हृदय. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डॉक्टरायचं काय, थे तं सगळ्यायलेच सांगतात." आणि दुसऱ्या दिवसापासून, ज्या माणसाने कधी कोणाला चहा पाजला नव्हता, तो रोज संध्याकाळी अमरावतीत शिरल्यावर जीप गिला वड्याच्या गाडीपाशी थांबवू लागला. दह्यात बुडालेले वडे, वर तिखट-गोड चटणी. "घ्या गावंडे, दिवसभर काई खाल्लं नाई तुमी." गावंडे नको म्हणत. सर प्लेट पुढे धरून उभे राहत. नको म्हणणं गावंड्यांना जन्मात जमलं नव्हतं, आणि वडा त्यांना फार आवडे. त्यांनी आधी एक खाल्ला. मग दोन. मॅडम एकदा म्हणाल्या, "सर, अहो, त्यायले पथ्य हाय." सर म्हणाले, "पथ्यात दही चालते."

हे बोलताना त्यांच्या मनात गावंड्यांचं वाईट करावं असं काहीच नव्हतं, याची मला खात्री आहे. म्हणूनच मला त्यांचा अधिक राग येतो. वाईट करणारा माणूस निदान काय करतोय ते जाणून असतो.

गावंडे वहिनींना कुठून तरी कळलं. त्या एका रविवारी सरळ सरांच्या घरी गेल्या. मी तेव्हा तिथेच होतो, सरांना पाना द्यायला. सर जीपखाली, फ्लेक्सवर. वहिनी बुटक्या, ठसठशीत, शब्द मोजून बोलणाऱ्या. त्यांनी सरांच्या बाहेर आलेल्या पायांशी बोलायला सुरुवात केली.

"सर, माह्या नवऱ्याले वडे चारून राहिले म्हणे तुमी."

पाय हलले नाहीत. खालून आवाज आला, "थे आवडीनं खातात, वहिनी."

"आवडीनं तं थे सगळंच खातात. गाडीसाठी चारता तुमी. गाडीचे पाटे बदलाचे तं बदला. नवरा मले एकच हाय."

सर बाहेर सरकले. हाताला ग्रीस, कपाळाला ग्रीस. वहिनींकडे पाहून ते अगदी मनापासून म्हणाले, "मंग वहिनी, तुमी बसता का उजवीकडं?"

मला वाटलं वहिनी आता हातातली पिशवी फेकून मारतील. त्यांनी तसं केलं नाही. त्या म्हणाल्या, "उद्या सरकीच्या ढेपीचं पोतं पाठवतो. थे बसवा," आणि निघून गेल्या. सोमवारी पोतं खरोखर आलं. गावंडे स्वतःच ते ऑटोत घालून घेऊन आले होते, चेहरा शरमेने लाल. सरांनी पोत्याकडे पाहिलंही नाही. "पोत्याले झुकता येते का?" एवढंच म्हणाले. गावंडे उजवीकडे बसले. पोतं सरांच्या गोठ्यात गेलं. वडे मात्र त्या दिवसापासून बंद झाले, हे कबूल केलं पाहिजे. पण तोवर बराच उशीर झालेला होता.

त्या सकाळी आम्ही बडनेरा सोडून लोणीच्या पुढे आलो असू. गावंडे सकाळपासून गप्प होते. अचानक त्यांनी माझा हात धरला. मी वळून पाहिलं तर चेहरा राखेसारखा, घामाच्या धारा, दुसरा हात छातीवर. मी ओरडलो. काळे मॅडमनी मागे एक नजर टाकली आणि सरांना म्हणाल्या, "गाडी फिरवा. अमरावती. जेवढी पळते तेवढी पळवा."

सरांनी दुभाजकाच्या पहिल्याच फटीतून जीप फिरवली आणि ॲक्सिलरेटर दाबला. मी जीपचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. मोकळा रस्ता होता, वेग वाढत गेला, आणि व्हायचं तेच झालं. पुलाच्या सांध्यावरून गेलो आणि पुढची चाकं थरथरायला लागली. जीप रस्ताभर नाचू लागली. सरांच्या तोंडून सवयीने निघालं, "झुका."

गावंडे माझ्या खांद्यावर कोसळलेले होते. डोळे अर्धे मिटलेले. आणि तो शब्द कानावर पडताच त्या माणसाने माझ्या खांद्यावरून डोकं उचललं आणि उजवीकडे झुकायची धडपड सुरू केली. देह उचलला जात नव्हता, पण ते झुकू पाहत होते. मी त्यांना धरून ठेवलं. "गावंडे, नका," म्हणालो. ते मला ढकलत होते.

आरसा अजून गळला नव्हता, सरांनी हे त्यात पाहिलं. त्यांनी ब्रेक लावला. जीप कडेच्या मुरमात जाऊन थांबली. सर उतरले आणि धावत रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले. एक ट्रक त्यांना चुकवून शिव्या देत गेला. मागून एक नवी कार आली, तिला थांबावंच लागलं. आत एक तरुण व्यापारी होता, चिडलेला. तो म्हणाला, "काका, तुमची जीप तं उभी हाय ना इथं?"

"हे नाई चालत," सर म्हणाले. "हिची किंगपिन गेलेली हाय. टायरॉडचे एंड गेलेले हायेत. पाटे बसलेले हायेत. जोरात पळवली तं पोचत नाई. तुह्या गाडीत घे त्यायले. पाया पडतो तुह्या."

एका दमात, एकही भाग न चुकता, क्रमाने. त्या गडबडीत सुद्धा माझ्या डोक्यात तिडीक गेली, कारण यातलं सगळं या माणसाला पहिल्यापासून माहीत होतं.

आम्ही गावंड्यांना त्या कारमध्ये घातलं. मॅडम आणि मी सोबत गेलो. मागच्या काचेतून पाहिलं तेव्हा सर जीपशेजारी उभे होते, हात अजून थोडे पसरलेलेच.

गावंडे वाचले. स्टेंट टाकला, डॉक्टर म्हणाले अजून थोडा उशीर झाला असता तर आशा नव्हती. वहिनी दवाखान्याच्या बाकावर बसल्या होत्या, मॅडमनी त्यांना घडलेलं सगळं सांगितलं होतं, झुकण्यासकट. दुपारी सर आले. जीप हळूहळू चालवत आणली असावी. ते वहिनींच्या समोर उभे राहिले. कोणी बसा म्हणालं नाही.

"वाचले ना?" त्यांनी विचारलं.

"वाचले," वहिनी म्हणाल्या. "तुमच्याच गाडीतून आणलं असतं तं?"

"पोचलो नसतो."

"हे आजच समजलं का तुमाले?"

सरांनी नकारार्थी मान हलवली. वहिनींनी आवाज चढवला नाही. "माहीत व्हतं तं मंग इतके वर्ष ह्यायले काहून बसवलं त्याच्यात?"

मला वाटलं आता फिजिक्स येईल. डावीकडचा भार, उजवीकडचा भार. सरांनी चष्म्याची काडी उगाच नीट केली आणि खाली पाहत म्हणाले, "मले एकट्याले भेव लागे, वहिनी. बाबा गेल्यावर पहिल्यांदा घेऊन निघालो तेव्हापासूनच लागे. मागं कोणी असलं म्हंजे हात थरथरत नव्हते."

माझा राग क्षणभर कुठल्या कुठे गेला. मॅडमनी तोंड फिरवलं. इतक्या वर्षांत या माणसाने स्वतःबद्दल सांगितलेली ही पहिली गोष्ट होती, आणि आता कोणीतरी त्यांच्या खांद्यावर हात ठेवील असं वाटलं.

वहिनी म्हणाल्या, "भेव लागे तं गाडी नीट कराची व्हती. माणसं काहून लावली?"

सर वळले आणि जिन्याने खाली गेले.

जीप त्यांनी तिथून सरळ बडनेऱ्याला नेली. मिस्त्रीने म्हटलेलं सगळं नवीन टाकलं, पाटे, किंगपिन, टायरॉड, सगळं. महिन्याभराने ते स्टाफरूममध्ये आले आणि इकडे-तिकडे न पाहता म्हणाले, "गाडी झाली. एका बोटावर चालते. कोणी कुठंही बसा." मॅडम वह्या तपासत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. माझा रेल्वेचा पास निघाला होता, तो मी त्यांना दाखवला. गावंडे अजून रजेवर होते, पण त्यांनाही विचारून पाहिलं असावं, कारण पुढे ते कामावर आले तेही रेल्वेनेच.

निवृत्त होईपर्यंत सर त्या रस्त्याने जात राहिले. बोरगावच्या अलीकडे रूळ आणि रस्ता जवळ येतात, तिथे कधीकधी डब्याच्या खिडकीतून जीप दिसे. रेषेत चाललेली असे. सर दोन्ही हातांनी चक्र गच्च धरून, एकटेच.